मोटो गुत्सी नॉर्जे 1200 : आकड्यांत मागे असलेली गाडी मनातून का जात नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. तुम्ही तोरिनोला राहता, पुण्यात असताना अनेक वर्षे बुलेट चालवली आहे आणि आता पत्नीला मागे घेऊन आल्प्सच्या घाटांत फिरण्यासाठी जुनी स्पोर्ट-टुरिंग मोटरसायकल शोधत आहात. एकाच शनिवारी तुम्ही यामाहाची एफजेआर 1300 आणि 2008 सालची, 46,000 किलोमीटर चाललेली मोटो गुत्सी नॉर्जे 1200 अशा दोन गाड्या चालवून पाहिल्यात. यामाहा जास्त ताकदीची आणि जास्त गुळगुळीत वाटली, तरी घरी आल्यापासून मन नॉर्जेकडेच ओढ घेत आहे. या ओढीत यंत्राचे काही खरे आहे, की हे केवळ इटालियन नावाचे आकर्षण आहे, असे तुम्ही विचारले आहे. आणि इतकी चाललेली गाडी घ्यावी का, हेही.

कोणती गाडी सरस, हा तुमचा प्रश्न नाही. तसा असता तर उत्तर दोन ओळींत संपले असते, कारण 1298 सीसीची चार सिलिंडरची यामाहा सुमारे 145 अश्वशक्ती देते आणि 1151 सीसीची नॉर्जे 95. तुमची खरी शंका अशी आहे की, पहिल्या दिवशी जे भावले ते तिसऱ्या वर्षीही भावेल का. मी गेली सतरा वर्षे लेक्कोजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये मोटरसायकली दुरुस्त करतो. गुत्सीचा कारखाना ज्या गावात आहे ते मान्देल्लो देल लारिओ आमच्यापासून कोमो सरोवराच्या काठाने अगदी जवळ आहे, त्यामुळे या गाड्या आमच्याकडे सतत येतात आणि माझी स्वतःचीही एक नॉर्जे आहे. माझा कल कुठे आहे हे यावरून कळेलच. तो लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमचे बहुतेक किलोमीटर ऑटोस्त्रादावर, ताशी 130 च्या मर्यादेला टेकून, दोन माणसे आणि तीन पेट्या घेऊन जाणार असतील, तर यामाहा घ्या. त्या कामात ती स्वतः दमत नाही आणि चालवणाऱ्यालाही दमवत नाही. गुत्सी जाणणारा मेकॅनिक तुमच्या आसपास नसेल आणि स्वतः पाना हातात धरण्याची हौसही नसेल, तरीही यामाहाच घ्या. पण रविवारी सकाळी निघून सूसाच्या खोऱ्यातून मोंचेनिझिओच्या घाटावर चढायचे, फ्रान्सच्या बाजूला उतरून जेवायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असे तुमचे फिरणे असेल, तर गोष्ट वेगळी आहे. अशा रस्त्यांवर मर्यादा 90 ची असते, वळणांवर त्याहून बरीच कमी वेगाने जावे लागते, आणि त्या वेगांत 145 अश्वशक्तींपैकी बहुतेक तुम्ही वापरतच नाही. तिथे गाडीत किती ताकद आहे यापेक्षा, जी ताकद वापरता ती तुमच्यापर्यंत कशी पोहोचते, याला महत्त्व येते.

ती कशी पोहोचते हे इंजिनाच्या मांडणीवर ठरते, म्हणून इथे थोडे थांबतो. नॉर्जेच्या इंजिनाचे मूळ गुत्सीचे अभियंते जुलिओ चेझारे कार्कानो यांनी आखलेल्या आणि 1967 मध्ये 703 सीसीच्या व्ही7 या गाडीतून रस्त्यावर आलेल्या इंजिनात आहे. याच कार्कानोंनी 1950 च्या दशकात शर्यतीसाठी 500 सीसीचे, आठ सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन तयार केले होते, इतका गुंतागुंतीच्या कामावर त्यांचा हात होता. व्ही7 साठी मात्र त्यांनी साधेपणा निवडला: 90 अंशांच्या कोनात दोन सिलिंडर, त्यांची डोकी गाडीच्या डावीउजवीकडे वाऱ्यात बाहेर आलेली, आणि पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, गाडीच्या लांबीला समांतर. दोन्ही सिलिंडरांना सारखा वारा लागतो. ज्या गाड्यांत एक सिलिंडर दुसऱ्याच्या मागे असतो, तिथे मागच्याला पुढच्याच्या आडोशाने गरम हवा मिळते. इथे तो प्रश्नच येत नाही.

आता तुम्हाला त्या शनिवारी जे जाणवले असेल ते आठवून पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, दोन्ही पाय जमिनीवर आहेत, आणि तुम्ही जराशी रेस दिलीत. त्या क्षणी अख्खी गाडी उजव्या अंगाला कलली असणार; फार नाही, पण मांड्यांना स्पष्ट कळेल इतकी. याचे कारण सरळ आहे. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या टोकाचे जड फ्लायव्हील एका दिशेने वेग घेऊ लागले की इंजिनाचे धूड उलट दिशेने वळू पाहते. आडव्या क्रँकशाफ्टच्या गाडीत हा झटका पुढेमागे होतो आणि सस्पेंशनमध्ये जिरतो. इथे तो तुमच्या दोन पायांच्या मध्ये, आडवा होतो. चालू लागल्यावर तो जवळजवळ जाणवेनासा होतो, मात्र प्रत्येक सिग्नलला गाडी आपण जिवंत असल्याची ही खूण देते. बुलेट चालवलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते, कारण इंजिनाचा प्रत्येक ठोका अंगाला कळण्याची सवय त्याला आधीपासून असते. तुमच्या ओढीचा एक मोठा भाग इथे असावा असे मला वाटते.

दुसरा भाग ठोक्यांच्या लयीत आहे. दोन्ही पिस्टन क्रँकशाफ्टवरच्या एकाच खुंटीला, म्हणजे क्रँकपिनला, जोडलेले असल्याने पहिल्या स्फोटानंतर 270 अंशांनी दुसरा होतो आणि मग 450 अंशांची शांतता असते. त्यामुळे आवाज एकसारखा येत नाही. दोन ठोके, थोडी उसंत, पुन्हा दोन ठोके, असा येतो. त्याच वेळी 90 अंशांच्या कोनाचा मोठा फायदा असा की एक पिस्टन टोकाला जाऊन थबकतो तेव्हा दुसरा आपल्या वेगाच्या भरात असतो, आणि क्रँकवर योग्य वजन लावले की दोघांचे मुख्य धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण सांभाळून घेतात. म्हणून हे इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांना धडधडते आणि 4,000 च्या आसपास शांत होते. पुष्कळ लोक ते धडधडताना पाहून ‘ही गाडी थरथरते’ असे ठरवून टाकतात आणि ज्या टप्प्यात ती खरी चालवायची असते तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. तुम्ही तिला शहरातच फिरवून परत आणली असेल, तर तुम्हीही तिचे अर्धेच रूप पाहिले आहे.

घाटातली गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. फिरणारी जड वस्तू आपला अक्ष बदलू द्यायला विरोध करते. बहुतेक मोटरसायकलींत क्रँकशाफ्ट चाकांच्या आसांना समांतर असते, त्यामुळे गाडी वळणात कलवताना चाकांच्या विरोधात क्रँकशाफ्टच्या विरोधाचीही भर पडते. गुत्सीत क्रँकशाफ्ट कलण्याच्या अक्षालाच समांतर फिरते आणि कलवण्याला त्याचा तसा विरोध होत नाही. म्हणूनच कोरड्या वजनात 246 किलोची, आणि टाकीत 23 लिटर पेट्रोल भरल्यावर 270 किलोंच्या पुढे जाणारी ही गाडी चालू असताना अनपेक्षित सहजतेने एका वळणातून दुसऱ्या वळणात जाते. मोर्बेन्योहून सान मार्कोच्या घाटावर चढताना वाल्तेल्लिनाच्या बाजूचा रस्ता अरुंद आहे, वळणांमागून वळणे येतात, आणि मी तिथे नॉर्जे बराच वेळ तिसऱ्या गिअरमध्येच ठेवतो. वळणाआधी थ्रॉटल मिटायचा, इंजिनाच्या ओढीनेच गाडी हळू होऊ द्यायची, नजर वळणाच्या शेवटाकडे न्यायची आणि थ्रॉटल पुन्हा हळूहळू उघडायचा. सुमारे 100 न्यूटन-मीटर टॉर्क असल्याने ती खालच्या फेऱ्यांतूनही कुरकुर न करता उचलते. ब्रेक लागत नाही असे नाही, पण लय एकदा जमली की बोटे लिव्हरवर नुसती टेकवलेली राहतात.

हे वजन थांबल्यावर मात्र पुरेपूर कळते. याच घाटाच्या माथ्यावर, जवळपास 2,000 मीटरवर, मी एकदा उताराकडे तोंड करून गाडी लावली आणि भरल्या पेट्यांसह ती मागे खेचून काढताना माझा पाय खडीवर घसरला. गाडी आडवी झाली, सिलिंडरच्या झाकणावर आणि पेटीवर टेकली, आणि दोन सायकलस्वार मदतीला आले तेव्हा उभी राहिली. झाकणावरचा ओरखडा अजून आहे. यामाहाही हलकी नाही, पण कुठलीही गाडी घेतलीत तरी ती कुठे आणि कोणत्या दिशेने उभी करायची याचा विचार थांबण्याआधी करावा लागेल, कारण बुलेटच्या सवयीने हे वजन पेलता येत नाही.

इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण दोन्ही गाड्यांना चेन नाही आणि तरीही दोन्हींचे शाफ्ट सारखे वागत नाहीत. आडव्या क्रँकशाफ्टच्या गाडीत फिरकी एकदा इंजिनापाशी काटकोनात वळवावी लागते आणि एकदा मागच्या चाकापाशी. गुत्सीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि शाफ्ट एका रांगेत आहेत आणि वळण एकच, चाकापाशी. जुन्या गुत्सींमध्ये थ्रॉटल उघडला की गाडीची मागची बाजू वर उचलली जायची आणि मिटला की खाली बसायची. वळणाच्या मध्यावर घाबरून थ्रॉटल सोडणाऱ्याची त्यात फार पंचाईत होई. 2005 च्या ब्रेव्हा 1100 पासून कंपनीने ‘कार्दानो रेआत्तिव्हो कोंपात्तो’ ही रचना आणली, ज्यात चाकापाशी फिरकी वळवणारी मागची गिअरपेटी चाक धरणाऱ्या आर्मला पक्की बांधलेली नसून वेगळ्या दांड्याने तोललेली असते, आणि ती उचल जवळपास नाहीशी झाली. नॉर्जेत हीच रचना आहे. चेनला तेल घालणे, ती ताणणे आणि पावसानंतर ती पुसणे यांतून सुटका होते, हे तर आहेच.

नावाविषयी थोडे. नॉर्जे म्हणजे नॉर्वेजियन भाषेत नॉर्वे. कंपनीचे संस्थापक कार्लो गुत्सी यांचे बंधू जुझेप्पे गुत्सी यांनी 1928 मध्ये 500 सीसीच्या, एका आडव्या सिलिंडरच्या गाडीवरून मान्देल्लोपासून उत्तर ध्रुववृत्तापर्यंतचा प्रवास केला. त्या गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंगचे सस्पेंशन होते, आणि अशी चौकट रस्त्यावर भरवशाची नसते असा त्या काळी समज होता. जुझेप्पेंनी वाद घालण्याऐवजी ती हजारो किलोमीटर खराब रस्त्यांवरून नेऊन आणून दाखवली. 2006 च्या गाडीला ते नाव दिले गेले तेव्हा विक्रीचा विचार होताच, पण दूरचा प्रवास हाच गाडीचा हेतू असल्याचे त्यातून नेमके सांगितले गेले. तरीही माझा सल्ला असा की या इतिहासासाठी एक युरोही जास्त देऊ नका. तो गाडीसोबत फुकट मिळतो.

तिसऱ्या वर्षी काय टिकते, याचे माझे उत्तर गॅरेजमधले आहे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक प्रति सिलिंडर दोन व्हॉल्व्हची नॉर्जे घेऊन येतात. दर 10,000 किलोमीटरला टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट जुळवण्याचे काम, करायचे असते, आणि ते स्वतः करायला त्यांनी आमच्याकडे उभे राहून शिकून घेतले. इंजिन रात्रभर गार झालेले हवे. झाकणाचे बोल्ट काढले की रॉकर समोर दिसतात, खाली वाकावे लागत नाही, टाकी काढावी लागत नाही. फट मोजायला इनलेटला 0.10 मिलिमीटरची पाती, एक्झॉस्टला 0.15 ची. पाती आत सरकली पाहिजे, पण लोण्यातून सुरी गेल्यासारखी नाही. किंचित अडखळत, बोटांना हलकी ओढ लागत. मग स्क्रू धरून ठेवायचा, नट आवळायचा आणि पाती पुन्हा घालून पाहायची, कारण आवळताना माप हमखास थोडे बदलते. पहिल्या वेळी त्यांना पूर्ण सकाळ लागली, आता कॉफीसह तास पुरतो. चार सिलिंडरच्या इंजिनात हे काम फार उशिरा येते हे खरे आहे, पण आले की कॅमशाफ्ट काढून शिम, म्हणजे फट ठरवणाऱ्या चकत्या, बदलाव्या लागतात आणि ते बहुधा दुसऱ्यावर सोपवावे लागते. ज्या गाडीचे आतले काम आपल्या हातांना माहीत असते तिच्याविषयीची आपुलकी कमी होत नाही, असे मी गिऱ्हाइकांत वारंवार पाहिले आहे. तुम्हाला या कामात रस नसेल, तर माझ्या उत्तराचा हा भाग तुम्हाला लागू नाही, आणि त्यामुळे एकूण उत्तरही बदलते.

आता उणिवा. गिअर पायाने ठामपणे घालावे लागतात. अर्धवट दाबलात तर गाडी तसे ऐकवते. वाऱ्याने थंड होणारे इंजिन असल्याने ऑगस्टमध्ये शहराच्या गर्दीत ते तापते आणि तुम्हीही तापता. क्लच कोरडा, एका प्लेटचा आहे, आणि तो बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. भाग महाग नसला तरी मजुरीचे तास बरेच होतात. चढावर क्लच अर्धा धरून गाडी तोलण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. ब्रेक ब्रेंबोचे आहेत, एबीएस आहे, त्यांची तक्रार नाही. सुट्या भागांची भीतीही फार बाळगू नका. 2004 पासून गुत्सी पियाज्जो समूहात आहे, ज्यांचा कारखाना आपल्याला बारामतीमुळे माहीत आहे, आणि नॉर्जेचे नेहमी लागणारे भाग इटलीत सहज मिळतात.

कोणी तुम्हाला 2011 नंतरची चार व्हॉल्व्ह प्रति सिलिंडरची, 8व्ही इंजिनाची नॉर्जे सुचवील. ती वरच्या फेऱ्यांत जास्त मोकळी आहे आणि चांगलीही आहे, पण सुरुवातीच्या 8व्ही इंजिनांतले, कॅमवर घासणारे सपाट टॅपेट झिजतात ही सर्वज्ञात गोष्ट आहे आणि पुढे त्यांच्या जागी रोलरचे टॅपेट आले. तशी गाडी पाहिलीत तर रोलर बसवल्याचा कागद मागा, आणि कागद नसेल तर किंमत त्या कामाचा खर्च धरूनच बोला. नवी व्ही100 मान्देल्लो हा वेगळाच विषय आहे: 1042 सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, 115 अश्वशक्ती आणि वेगानुसार टाकीच्या बाजूंनी उघडणारे वाऱ्याचे पंख. ती नॉर्जेपेक्षा चपळ आहे आणि शाफ्ट व आडव्या कलण्याचा वारसा तिने जपला आहे, मात्र तुमच्या बजेटशी तिचा मेळ बसणार नाही.

तेव्हा तुम्ही पाहिलेल्या गाडीकडे परत येऊ. 46,000 किलोमीटर हा आकडा या इंजिनासाठी चिंतेचा नाही. नीट सांभाळलेली, दुप्पट चाललेली इंजिने मी उघडली आहेत आणि ती आतून निरोगी होती. चिंता करायची ती बारा हजारच चालून अनेक हिवाळे शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची, कारण तिथे रबर कडक होते, ब्रेकचे तेल पाणी धरते आणि बॅटरी कमकुवत होत जाते. नोंदवहीत दर 10,000 ला टॅपेटची आणि ठरल्या अंतराने शाफ्टच्या तेलाची नोंद आहे का ते पाहा. मागचे चाक हवेत उचलून, वर आणि खाली हात धरून हलवा. खळखळ जाणवली तर आर्मचे किंवा गिअरपेटीचे बेअरिंग पाहावे लागेल. शाफ्टच्या रबरी बुटाला चीर असेल तर आत पाणी गेलेले असू शकते. स्टार्टर दाबल्यावर कधीकधी नुसता ‘टक्’ आवाज येऊन काहीच झाले नाही, तर घाबरून व्यवहार मोडू नका; बरेचदा स्टार्टरपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नसतो आणि एक जादा रिले बसवून ते सुटते.

गाडी पुन्हा चालवायला मागा, आणि या वेळी इंजिन गार असतानाच तुमच्यासमोर सुरू करायचे आहे, हे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर आधी सिलिंडरला हात लावून पाहा. मग शहराबाहेर निदान चाळीस मिनिटे जा. सपाट रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये हळू वेगाने जाताना थ्रॉटल एकदम उघडा. फेऱ्या चढल्या आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे, आणि तेवढी मजुरी किमतीतून वजा झाली पाहिजे. त्यानंतर एखादा वळणांचा चढ निवडा, तिसऱ्या गिअरमध्ये 4,000 फेऱ्यांच्या आसपास राहा, आणि यामाहाशी तुलना करण्याचे तेवढा वेळ मनातून काढून टाका. पत्नीलाही बरोबर न्या. मागच्या आसनावर पाय किती दुमडतात, पेटीचा टेकू पाठीला कुठे लागतो, इंजिनाचे ठोके तिथे सुखाचे वाटतात की त्रासाचे, हे पुढे बसून तुम्हाला कधीच कळणार नाही; आणि वर्षातले निम्मे किलोमीटर तुम्ही दोघे मिळून करणार असाल, तर त्यांचे मत माझ्या सतरा वर्षांच्या अनुभवापेक्षा जास्त मोलाचे आहे.